मॅडम, घंटा आणि बिनपदवीचे राष्ट्राध्यक्ष

सेकंड इयरला असताना मी माझंच भाषण ऐकून कॉलेज सोडलं.

लोक कॉलेज सोडतात त्याला काहीतरी कारण असतं. घरची अडचण असते, नाहीतर कुणीतरी नाही म्हटलेलं असतं. माझ्याकडे तसलं काही नव्हतं. विंचूरला घरची बाग होती, कांदा होता, आण्णा खर्चाला हात आखडत नव्हते. आणि कुणी नाही म्हणायला आधी विचारावं लागतं. माझ्याकडे होतं ते एक भाषण. नाशिकच्या एका कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा होती. विषय: 'पदवी हीच यशाची पायरी?' विषयापुढे प्रश्नचिन्ह दिसलं की 'नाही' म्हणायचं असतं, हे वक्तृत्वातलं शेंबडं पोरही जाणतं. मी 'नाही' म्हणालो आणि पुराव्याला राष्ट्राध्यक्ष उभे केले.

अमेरिकेच्या एका दाढीवाल्या राष्ट्राध्यक्षाने कॉलेजची पायरी कधी चढली नव्हती. एक शिंपी होता. एक डॉक्टरकी अर्धी टाकून फौजेत गेला होता. ह्या सगळ्यांना मी ओळीने मंचावर आणलं आणि शेवटी मूठ आवळून विचारलं, "मग मित्रहो, कागदाच्या भेंडोळ्यात गुंडाळलेलं आयुष्य आपल्याला हवंय, की इतिहासाच्या छातीवर..." छातीवर काय, ते आता आठवत नाही. टाळ्यांत बुडून गेलं.

पहिला नंबर आला. परीक्षक होत्या राज्यशास्त्राच्या एक निवृत्त मॅडम. बक्षीस देताना माझ्याकडे चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "नंबर आवाजाला दिलाय. मजकुराबद्दल कधीतरी भेटून बोलू."

मी पहिलं वाक्यही अर्धंच ऐकलं. सोमवारी सगळे लेक्चरला गेले. मी बसस्टँडवर गेलो आणि ट्रंकेसह विंचूरला उतरलो. आई ओट्यावर शेंगा फोडत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं, शिंप्यासकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग आता तू कवा होतो अध्यक्ष?" ती म्हणाली. "नाय म्हंजे, तवर बागंत पानी धरशील का?"

*

मॅडमना नाशिकच्या वक्तृत्वाच्या वर्तुळात ओळखत नाही असा माणूस नव्हता. परीक्षक म्हणून येताना त्या स्वतःची घंटा घेऊन यायच्या. कॉलेजच्या घंटांवर त्यांचा विश्वास नव्हता. "त्या लाजऱ्या असतात," म्हणायच्या, "बोलणाऱ्याला ऐकू येत नाहीत." त्यांची घंटा पितळी, मुठीएवढी, आणि तिचा आवाज असा की ऐन भरात आलेला वक्ता जागच्या जागी शाळेतला पोरगा व्हायचा. भाषण चालू असताना त्या डोळे मिटून बसायच्या. नवख्यांना वाटायचं, झोपल्या. मग एखाद्याने चुकीचा दाखला दिला की मिटलेल्या डोळ्यांवरच्या भुवया वर जायच्या. माझ्या भाषणात त्या वर गेल्या त्या खालीच आल्या नाहीत, असं मला नंतर तिथल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं. मला मात्र वाटलं होतं, बाई भारावल्या.

नाशिकरोडकडे एका कॉलनीत त्यांचं बसकं घर होतं. एकट्या राहायच्या, धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून. रविवारी सकाळी विहारात मुलींचा अभ्यासवर्ग घ्यायच्या आणि येताना, रस्त्यात जो दिसेल त्याला एकच प्रश्न विचारायच्या: "शिकतोस का?" रिक्षावाल्याला, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला. एकदा गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलेल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, आधी उतरवू का?"

त्यांचे वडील प्रेसमध्ये कामगार होते. घरात येणारा पेपर आधी शेजारी तीन घरांत फिरून यायचा. पेपरात कुठल्याही देशाच्या नव्या राष्ट्राध्यक्षाचा फोटो आला की वडील पहिला प्रश्न विचारायचे, "शिकलाय काय?" पक्ष कुठला, धोरण काय, हे नंतर. उत्तर शोधून आणायचं काम थोरलीचं, म्हणजे मॅडमचं. वाचनालयात जाऊन ती शोधून आणायची. वडील गेले, मॅडम प्राध्यापक झाल्या, निवृत्त झाल्या, पण ते काम काही सुटलं नाही. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात सत्ता बदलली की उलथापालथ व्हायची ती नाशिकरोडला. सगळं जग युद्ध होतंय का बघायचं, मॅडम बघायच्या की हा गणितात नापास झाला होता का.

"माणूस शिखरावर कसा चढला हे सगळे सांगतात," त्या म्हणायच्या. "तो वर्गात कुठल्या बाकावर बसायचा, हे कुणी सांगत नाही. मला तो बाक हवा असतो."

आणि त्यांना खरंच ते बाक माहीत होते. आपल्या एका राष्ट्रपतींनी तत्त्वज्ञान घेतलं, ते नात्यातल्या भावाची जुनी पुस्तकं आयती मिळाली म्हणून. दुसऱ्यांना कॉलेजात सरांनी दम भरला होता, की आराखडा तीन दिवसांत दे, नाहीतर शिष्यवृत्ती गेली समज. अमेरिकेच्या एकाने कॉलेजात झाडलोट केली आणि पुढे त्याच कॉलेजचा प्रमुख झाला, मग देशाचा. हा त्यांचा विशेष लाडका. त्याचं नाव घेताना त्या खुर्चीत सरळ बसायच्या, जसा काही तो आत्ताच झाडू ठेवून वर्गात येतोय.

चहा मात्र भयंकर करायच्या. राष्ट्राध्यक्षांच्या नादात साखर दोनदा पडायची किंवा पडायचीच नाही. पाहुण्याने तोंड वाकडं केलं की म्हणायच्या, "पी. तुरुंगात याहून वाईट मिळतो, आणि तिथे बसून एकाने टपालाने कायदा पूर्ण केला."

*

विंचूरला मी बागेत काही दिवस पाणी धरलं. मग तिथल्या वाइन पार्कमध्ये एका वायनरीला बोलका माणूस हवा होता. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायचं, पिंपं दाखवायची, शेवटी पेला हातात देऊन चव समजावून सांगायची. अडचण एवढीच, की आईने मला देवीची शपथ घातलेली. थेंबसुद्धा चाखायचा नाही. तेव्हा मी न चाखता समजावून सांगायचो.

"ह्यात तुम्हाला पिकलेल्या जांभळाचा, ओल्या मातीचा आणि मागे रेंगाळणारा ओकच्या लाकडाचा गंध जाणवेल," मी म्हणायचो. ओकचं झाड मी पाहिलेलं नव्हतं. मला बाभूळ ओळखते, मी बाभळीला ओळखतो. पण पाहुणे डोळे मिटून मान हलवायचे, "वा, ओक!" मला वाटायला लागलं, हेच ते यश, पदवीवाचूनचं.

एके दिवशी येवल्याहून परतणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांची बस आत शिरली. काही जण उत्साहाने उतरले, काही 'नुसतं बघायला' म्हणून उतरले आणि तेच पुढे बसले. शेवटच्या खुर्चीत, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन, मॅडम. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं. मी खुलून गेलो. जांभळात थोड्या मनुकाही घातल्या. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. भुवया वर.

बाकीचे पेल्यांत रमल्यावर त्यांनी मला बोटाने बोलावलं.

"तू हे चाखलंस?"

"नाही मॅडम. आईची शपथ आहे."

"मग ते जांभूळ कुठून आलं?"

"साहेबांनी सांगितलंय तसं सांगायला."

"अस्सं. तुझे राष्ट्राध्यक्षही असेच आले होते?"

मी हसलो. मला वाटलं, विनोद आहे.

"कुठल्या वर्षाला आहेस आता?"

"सोडलं मॅडम."

"पैसे संपले की अक्कल?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. त्यांच्या मते कॉलेज ह्या दोनच कारणांनी सुटतं. पहिल्यावर त्या इलाज करायच्या, दुसऱ्यावर त्या चिडायच्या.

इथे मी आयुष्यातला दुसरा मोठा मूर्खपणा केला. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलावं. म्हणालो, "तुमच्यामुळेच सोडलं मॅडम. तुम्ही पहिला नंबर दिलात, तेव्हाच मला पटलं की माझं म्हणणं बरोबर आहे."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मग त्या माझे राष्ट्राध्यक्ष एकेक करून परत घ्यायला लागल्या.

"तुझा दाढीवाला. त्याला कॉलेज मिळालं नाही, त्याने सोडलं नाही. मागून आणलेली पुस्तकं वाचून वकिलीला बसला. तुझा शिंपी. बायकोने समोर बसवून गणित शिकवलं, तेव्हा चार माणसांत उभा राहिला. डॉक्टरकीवाला. बाप वारला, पैसे संपले. ह्यातला एक तरी चांगलं चाललेलं कॉलेज टाकून न चाखलेल्या गोष्टीची चव सांगत बसला होता का?"

मागे कुणीतरी निवृत्त प्राध्यापक म्हणत होते, "वा, ओक!"

"चूक तुझी निम्मी, माझी निम्मी," मॅडम उठत म्हणाल्या. "मजकुराबद्दल तेव्हाच, स्टेजवर बोलायला हवं होतं. ज्याच्या निकालाने पोरगं बिघडतं त्याने निकाल देऊ नये. तू पदवी घेईस्तोवर मी परीक्षकाच्या खुर्चीत बसणार नाही."

आणि बसमध्ये जाऊन बसल्या.

*

मला वाटलं, बोलायची पद्धत. चार दिवसांनी वायनरीत फोन सुरू झाले. पहिला एका कॉलेजच्या सांस्कृतिक विभागप्रमुखांचा. "विंचूरचे तुम्हीच का? अहो, आमची स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे. मॅडम नाही म्हणतात. कारण विचारलं तर तुमचा नंबर देतात."

"मी काय करू सर?"

"पास व्हा ना! आठवड्यात होत नसाल तर निदान प्रवेश तरी घ्या."

मग दुसरा, तिसरा. निफाडहून, सिन्नरहून. एका संयोजकाने तर माझ्या नावाने आरोळीच ठोकली, "एका माणसाच्या एफवायएसवायपायी अख्ख्या जिल्ह्याचं वक्तृत्व अडलंय!" पण ज्या फोनने मी हललो तो मॅडमच्या कॉलनीतल्या एका आजींचा होता. कॉलनीत दरवर्षी जयंतीला लहान मुलांची भाषणं होत. मॅडमचा जीव कुठल्याही मोठ्या करंडकापेक्षा त्या स्पर्धेत. बोबड्या पोरांनाही त्या घंटा वाजवून थांबवायच्या आणि मग प्रत्येकाला जवळ घेऊन काय चुकलं ते कानात सांगायच्या.

"बाळा," आजी म्हणाल्या, "तुझं काय ते अडलंय ते लवकर कर. आमच्या लेकरांना कानात सांगनारं कोनी नाय ह्या साली."

मी नाशिकला जाऊन बहिःस्थ म्हणून नाव घातलं. वायनरी सोडली नाही. दर रविवारी दुपारी मॅडमकडे जायला लागलो. अभ्यास असा: त्या प्रश्न विचारणार, मी तोंडी उत्तर देणार, आणि समोर घंटा. अनावश्यक विशेषण आलं की घंटा. 'ज्वलंत' म्हटलं, घंटा. 'देदीप्यमान', घंटा. पहिल्या रविवारी शेजारच्या बाई बघायला आल्या, की आज कसली पूजा आहे. राज्यसभेवर मी अख्खं उत्तर दिलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "झालं? आता ह्यातली राज्यसभा कुठली ते दाखव."

मधल्या वेळात चहा आणि राष्ट्राध्यक्ष. कोण कुठे शिकला, कुणाला काढून टाकलं, कुणाचे पैसे कुणी भरले. ते सगळं मला इतकं आवडायला लागलं, की परीक्षेत 'राष्ट्रपतींचे अधिकार' असा प्रश्न आल्यावर मी राष्ट्रपतींचं शिक्षण लिहून आलो. तत्त्वज्ञानाची जुनी पुस्तकं, तीन दिवसांचा आराखडा, झाडू, तुरुंगातलं टपाल, सगळं. पुरवणी घेतली. अधिकारांपर्यंत पोचेपर्यंत वेळ संपली.

नापास.

सांगायला गेलो तर मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, ते मी तुला जगण्यासाठी सांगितलं होतं. परीक्षेसाठी पुस्तक आहे ना!" आणि मग एवढं हसल्या, की चष्मा काढून पुसावा लागला. मीही हसलो. हसता हसता मला कळलं, की ह्यांचं आणखी एक वर्ष गेलं.

ते वर्ष कसं जातं ते मी पाहिलं. जयंतीच्या स्पर्धेला मुद्दाम गेलो. परीक्षकाच्या खुर्चीत कुणी बँकेतले साहेब होते, वेळ संपली तरी कौतुकाने बघत बसायचे. मॅडम शेवटच्या रांगेत, पोरांच्या आयांमध्ये. वेळ संपली की त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप उठायचा आणि काहीच न वाजवता खाली यायचा. भाषण झालेली एक चिमुरडी मंचावरून उतरली ती थेट मागे पळत आली आणि मॅडमपुढे कान करून उभी राहिली. मॅडमनी तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि मान हलवली. नाही. खुर्चीत नाही, म्हणजे कानातही नाही. शब्द म्हणजे शब्द. ती पोर तशीच कान पुढे करून उभी.

त्यानंतर मला अभ्यास कर असं कुणाला सांगावं लागलं नाही.

*

पास झालो. मग शेवटच्या वर्षालाही झालो, एका दमात. क्लास कुठला ते विचारू नका. मॅडमनीही विचारला नाही.

पदवीचा कागद हातात आला त्या रविवारी त्या विंचूरला आल्या. त्यांचा एक रिवाज होता. घरात पदवी पहिल्यांदा येत असेल तर फोटो पदवीधराचा काढायचा नाही. आईबापांना खुर्चीवर बसवायचं, कागद त्यांच्या हातात द्यायचा आणि पदवीधराने मागे उभं राहायचं. आण्णा फेटा बांधून बसले. आईने कागद उलटा धरला होता. मी सरळ करायला गेलो, तर मॅडमनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः तिच्यापाशी खाली बसल्या. तिला एकेक ओळ वाचून दाखवली. तिच्या मुलाचं नाव आलं तिथे तिचं बोट ठेवलं. आईने ते बोट बराच वेळ उचललं नाही. फोटोत ते तसंच आहे, कागदावर टेकलेलं. मागे माझे डोळे मिटलेले आलेत, हे ओघाने आलंच.

"आता अध्यक्ष व्हतोय काय मॅडम ह्यो?" आईने विचारलं.

"नाही. पण आता नाही झाला तर त्याला पदवी हे कारण सांगता येणार नाही."

पुढच्या जयंतीला मॅडम घंटेसकट परत परीक्षकाच्या खुर्चीत बसल्या. मी राष्ट्राध्यक्ष मात्र काही झालो नाही. पुढे बी.एड. केलं आणि पेठला एका शाळेत शिकवतो. डोंगरातून चालत येणारी पोरं आहेत. कुणी शाळेत यायचं थांबलं की मी पाड्यावर जातो आणि मॅडमचाच प्रश्न मनात विचारतो: पैसे संपले की अक्कल? पहिलं कारण असेल तर त्यांनी केलं असतं तेच करायची धडपड करतो. दुसरं कारण मला वीस वर्षांच्या एका मुलाखेरीज अजून कुणात सापडलेलं नाही.

*

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. जायच्या आदल्या आठवड्यात फोनवर बोलणं झालं होतं. कुठल्याशा देशात निवडणूक झाली होती आणि नवा माणूस कॉलेजात दोनदा नापास झाल्याचं कळून त्या खूश होत्या. "लक्षात ठेव," म्हणाल्या, "तुझ्या पोरांना उपयोगी पडेल."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहाराशेजारच्या हॉलमध्ये होता. मी आईला घेऊन गेलो. अर्धं नाशिक आलेलं. आणि जिल्ह्यातले सगळे संयोजक, ज्यांनी मला पास हो म्हणून फोन केले होते, ते मला पाहून एकमेकांना कोपराने ढोसत होते. मंचावर मॅडमचा फोटो, फुलं, मेणबत्त्या, आणि टेबलावर ती पितळी घंटा. मॅडमच्या बहिणीने मला सांगितलं, "चार शब्द बोला."

मी उभा राहिलो. ठरवलं होतं, एकही विशेषण नाही. पहिल्या मिनिटाला 'ज्ञानतपस्विनी' गेलं तोंडातून. मी थबकलो. घंटा वाजली नाही. मग दुसरं गेलं, मग शिंपी आला, दाढीवाला आला, झाडूवाला, तुरुंगातला. मला कळत होतं, फार होतंय. समोर लोक घड्याळं बघत होते, बहीण डोळे पुसायचं थांबून माझ्याकडे बघायला लागली होती. पण घंटा वाजेना, आणि ती वाजल्याशिवाय थांबायचं कसं, हे मी कधी शिकलोच नव्हतो. मी बोलतच होतो, बोलतच होतो.

पहिल्या रांगेतून आई उठली. काठी टेकत पायऱ्या चढून वर आली, टेबलावरची घंटा दोन्ही हातांनी उचलली आणि अशी काही वाजवली, की मागच्या रांगेतली पोरं ताठ बसली. मी वाक्याच्या मध्यावर थांबलो.

आईने घंटा जागेवर ठेवली. फोटोला हात जोडले. मग माइक समोर आहे याचा पत्ता नसताना फोटोकडे बघतच म्हणाली, "म्याडम, तुमी याला पास केलं, लय उपकार झाले. पन गप करायचं तेवढं राहूनच गेलं बघा."